चार गाभण होत्या, मग दोनच कशा राहिल्या?

प्रश्न इंदूरजवळच्या सांवेरकडच्या एका गोठेवाल्यांचा आहे. चौदा जनावरं, बहुतेक एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित, दोन गीर. १२ डिसेंबरला त्यांनी सहा संकरित गाईंमध्ये आयव्हीएफचे, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेले, गीर भ्रूण ठेवून घेतले. ४ जानेवारीला सोनोग्राफी झाली, चार गाभण निघाल्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांनी हात घालून पाहिलं तर दोनच. ते विचारतात, सोनोग्राफी खोटी होती, की सोनोग्राफीनेच गाभ गेला? शेजारी म्हणतात मशीनच्या लहरींनी भ्रूण जळतो. आणि असंच होणार असेल तर दर वेळी फी देण्यापेक्षा मशीनच घेऊन टाकू का?

आधी शेजाऱ्यांचं मिटवतो. जळत वगैरे काही नाही. प्रोबमधून, म्हणजे मशीनच्या हातात धरायच्या टोकातून, जातो तो आवाज, फक्त आपल्या कानांना ऐकू न येणारा. गाईसाठी साधारण ५ ते ७.५ मेगाहर्ट्झचा प्रोब वापरतात. तो आवाज आत आदळून परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. पाणी असेल तिथे काळं, मांस असेल तिथे करडं, हाड असेल तिथे पांढरं. सोनोग्राफी केलेल्या आणि न केलेल्या गाईंची तुलना करून पाहिली गेली आहे, मशीनमुळे गाभ जास्त जातो असं आढळलेलं नाही. नुकसान होऊ शकतं ते दांडगट हाताने. कोवळ्या गाभात गर्भाशयाचं शिंग चिमटीत धरून आतला गर्भाचा पडदा सरकतोय का हे पाहण्याची जुनी पद्धत आहे. अनुभवी माणूस ती हलक्या हाताने करतो, नवशिक्याला तेवढा अंदाज नसतो. सोनोग्राफीत ही चिमट लागतच नाही, प्रोब वरून फिरवायचा असतो.

मग खोटं कोण बोललं? माझ्या मते कुणीच नाही.

४ जानेवारीला तुमच्या गोठ्यात काय झालं असेल ते सांगतो. सकाळी उन्हं वर यायच्या आत गाय अडगड्यात उभी केली असेल, कारण ऊन आलं की पडदा आरशासारखा होतो आणि डॉक्टरला डोक्यावर टॉवेल घ्यावा लागतो. (हल्ली चष्म्यासारखा पडदा मिळतो. मला त्याने गरगरतं, मी अजून टॉवेलवाला.) आधी शेण काढायचं, सगळं काढायचं. शेण किंवा हवा मध्ये राहिली की चित्रच येत नाही. मग जेल लावलेला प्रोब तळहातात झाकून आत न्यायचा. पहिल्यांदा दिसते ती लघवीची पिशवी, मोठा काळा पट्टा. नवीन पोरं तिलाच गाभाचं पाणी समजून खूश होतात. तिच्या पुढे गर्भाशयाची शिंगं, आणि एका शिंगात वाटाण्याच्या शेंगेसारखी काळी जागा. त्या काळ्यात कडेला चिकटलेला एक करडा ठिपका, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. हात अगदी स्थिर धरला की त्या ठिपक्याच्या मधोमध काहीतरी लुकलुकतं. ते हृदय. तिसाव्या दिवशी गर्भाची लांबी जेमतेम एक सेंटिमीटर असते, पण हृदय चालू असतं. एकदा ही लुकलुक दिसली की त्या दिवशी त्या गाईत जिवंत गर्भ होता, याबद्दल वाद उरत नाही. नुसतं काळं पाणी पाहून "गाभण" लिहिलं असेल, तर मात्र वादाला जागा आहे. माजाच्या आसपासही गर्भाशयात थोडं पाणी असतंच. म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एवढाच: धडधड दिसली का?

आता तारखांचा घोळ, कारण निम्मी भांडणं इथूनच निघतात. भ्रूण ठेवतात तेव्हा तो आधीच सात दिवसांचा असतो. म्हणजे गाभाचा शून्य दिवस १२ डिसेंबर नव्हे, गाईच्या माजाचा दिवस, ५ डिसेंबर. रोपणानंतर तेविसाव्या दिवशी, ४ जानेवारीला, गाभ तीस दिवसांचा झाला. डॉक्टर "तीस दिवसांचा आहे" म्हणतात, मालक वहीत पाहून म्हणतो "तेवीसच झाले, हा माणूस काय बघतोय!" तुमच्याकडे तपासणी बरोबर दिवशी झाली. सव्वीस-अठ्ठावीस दिवसांवर चांगल्या हाताला धडधड दिसू शकते, पण त्यावर मी पैज लावत नाही. तीस ते बत्तीस ही माझी तारीख.

आता त्या दोन गेल्या कुठे? गेल्याच. तिसाव्या दिवशी गाभण असलेली गाय साठाव्या दिवशी रिकामी निघणं हे साध्या रेतनाच्या गाईंमध्येही होतं. दुधाळ कळपात शंभर गाभण गाईंमागे दहाच्या आसपास या काळात गळतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या भ्रूणांमध्ये हे प्रमाण त्याहून जास्त असतं. तिसाव्या दिवसानंतर वार आणि गर्भाशय यांची जोडणी पक्की होत जाते, आणि आयव्हीएफचे काही भ्रूण नेमके तिथेच कमी पडतात. चारातल्या दोन जाणं हे जास्तच आहे, मान्य. पण चार गाईंवरून टक्केवारी काढू नका, नाणं चार वेळा उडवून कुणी नाण्याला दोष देत नाही. सहातून दोन राहिल्या, म्हणजे तिसरा हिस्सा. ताज्या आयव्हीएफ भ्रूणाला उत्तम व्यवस्थेत चाळीस-पन्नास टक्के मिळतात, आपल्याकडच्या गोठ्यांत तीस-पस्तीस आले तर मी मालकाला वाईट बातमी म्हणून सांगत नाही. भ्रूण देणाऱ्या कंपनीने रोपणाच्या दिवशी काय आकडा सांगितला होता हा वेगळा विषय. "गाभण" म्हणजे तीस दिवसांचं की नव्वद दिवसांचं, हे करारात लिहून घ्यावं. बहुतेक जण घेत नाहीत.

अजून एक गोष्ट. दुसऱ्या डॉक्टरांनी हाताने पाहिलं, साठ दिवसांवर मुरलेल्या हाताला ते नीट कळतं. तरीही त्या दोन गाईंना माजावर आणायचं इंजेक्शन देण्याआधी एकदा प्रोब लावून घ्या. हे इतकं आग्रहाने सांगण्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे.

महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून बाहेर पडून बरीच वर्षं झाली होती, मशीन मात्र नवं होतं, आणि नव्या मशीनची मस्ती वेगळीच असते. हातोदजवळ एका मराठी काकूंचा गोठा होता. आठ गाई, वही त्या स्वतः लिहायच्या. एका गाईची रेतनाची तारीख शेहेचाळीस दिवसांपूर्वीची. मी पाहिलं, शेहेचाळीस दिवसांचा गर्भ म्हणजे चांगला दिसायला हवा, तो दिसेना. थोडंसं काळं पाणी होतं, बीजांडकोशावर सीएल, म्हणजे बीज सुटलेल्या जागी होणारा उंचवटा, मात्र ठसठशीत. मी म्हटलं रिकामी आहे, सीएल आहे, प्रोस्टाग्लँडिन देतो, तीन दिवसांत माज येईल. दिलं. तिसऱ्या दिवशी माज आलाच, आणि सोटाबरोबर एक पातळ पडदाही आला. काकूंनी तो परातीत ठेवून मला बोलावलं. मग चौकशीत निघालं की एकवीस दिवसांनी गाय उलटली होती, म्हणजे पुन्हा माजावर आली होती, काकू मुलीकडे देवासला गेलेल्या असताना दिराने पुन्हा भरवून घेतली आणि वहीत लिहिलंच नाही. मी पाहिली तेव्हा ती पंचवीस दिवसांची गाभण होती. काकू एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, मशीनने तुम्हाला पाणी दाखवलं होतं ना?" दाखवलं होतं. तेव्हापासून सीएल चांगली असेल, शिंगात टिपूसभर जरी काळं दिसत असेल आणि तारखेचा मेळ बसत नसेल, तर मी सुईला हात लावत नाही. आठ दिवसांनी पुन्हा येतो, फेरीचे पैसे घेत नाही.

पण तुमच्या पत्रात मला खरी खटकलेली गोष्ट वेगळी आहे. रोपणानंतर दोनदा तपासणी झाली, रोपणाआधी मात्र एकदाही सोनोग्राफी नाही. "साहेबांनी हाताने पाहून सहा गाई निवडल्या," असं तुम्ही लिहिता. उलटं झालं. या धंद्यात मशीनचे पैसे वसूल होतात ते भ्रूण ठेवायच्या आधी.

रेसिपियंट, म्हणजे दुसरीचा भ्रूण पोटात वाढवणारी, गाय निवडायची म्हणजे काय पाहायचं? पहिली फेरी माजावर आणण्याच्या इंजेक्शनांआधीची. गर्भाशयात काही साचलंय का हे बघायचं. स्वच्छ पाणी काळं दिसतं, पू असेल तर त्या काळ्यात पांढरे कण तरंगतात, रव्याची चिमूट पाण्यात टाकून ढवळल्यासारखे. असं गर्भाशय हाताला पुष्कळदा साधंच लागतं, फार तर जरा जाड. बाहेरून गाय तुकतुकीत, माजही वेळेवर. अशा गाईत लाखमोलाचा भ्रूण ठेवा नाहीतर पाण्यात टाका, सारखंच. मग बीजांडकोश. गाईच्या एकवीस दिवसांच्या चक्रात फॉलिकलच्या, म्हणजे ज्यात बीज वाढतं त्या पाणीदार फोडांच्या, दोन किंवा तीन लाटा येतात, प्रत्येक लाटेत एकच मोठं होऊन पुढे जातं. पडद्यावर फॉलिकल म्हणजे काळा मणी. एचएफमध्ये ते पंधरा मिलिमीटरच्या आसपास पोचून फुटतं, गीर आणि आपल्या देशी गाईंमध्ये त्याहून लहान असतानाच. पंचवीस मिलिमीटरहून मोठा काळा गोळा दिसला आणि सीएल कुठेच नसली तर ती गाठ, सिस्ट. त्या गाईला आधी उपचार, रोपण पुढच्या खेपेला.

दुसरी फेरी रोपणाच्या दिवशी, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. माज दिसला म्हणजे बीज सुटलंच असं नसतं. बीज सुटलेल्या जागी सीएल तयार होते, तिच्यातून निघणाऱ्या प्रोजेस्टेरॉनवर गाभ टिकतो. सातव्या दिवशी ती पडद्यावर तुपातल्या शिऱ्याच्या मुदीसारखी दिसते, करडी, दाणेदार, कडा स्पष्ट. दोन सेंटिमीटरच्या आसपास असली की मी पुढे जातो. पुष्कळ सीएलच्या पोटात काळी पोकळी असते. हाताला ती मऊ लागते आणि हाताने बघणारा तिला फॉलिकल किंवा सिस्ट समजून गाय बाद करतो. पोकळीवाली सीएल अगदी धडधाकट काम करते, भोवतीची करडी भिंत जाड असली म्हणजे झालं. उलटंही होतं. काही सीएल बीजांडकोशात इतकी खोल बसलेली असते की बोटांना उंचवटाच लागत नाही. आणि सर्वांत महाग चूक बाजूची. भ्रूण सीएलच्याच बाजूच्या शिंगात ठेवायचा असतो, पलीकडच्या शिंगात ठेवला तर गाभ टिकण्याची शक्यता बरीच घटते. शेपटीच्या मुळाशी बधिर करणारं लिग्नोकेन देऊन गाय शांत केल्यावर, भ्रूण ठेवायची गन हातात असताना, "उजवी की डावी?" याचं उत्तर आठवणीवर सोडायचं नसतं. मी गाईच्या पुठ्ठ्यावर खडूने लिहितो. उ, डा. सोबतची पोरं हसतात, हसू देत.

या फेरीत दहा तयार केलेल्या गाईंपैकी दोन-तीन बाद होतात. मालकाचा चेहरा पडतो, कारण इंजेक्शनांचा खर्च झालेला असतो आणि भ्रूण कंपनीच्या डब्यात गरम बसलेले असतात. ठेवा हो साहेब, काय होतंय. होतंय असं की पुढचे दोन महिने तुम्ही रिकाम्या गाईला गाभण समजून खुराक घालता. तुमच्या सहाही गाईंत त्याच दिवशी भ्रूण ठेवले गेले, एकही बाद झाली नाही, हे वाचून मला कौतुक नाही वाटलं, शंका आली. सहापैकी ज्या दोन पहिल्याच तपासणीला रिकाम्या निघाल्या त्यांच्याबद्दल तुम्ही काही विचारलंच नाही. माझ्या मते चौकशी तिथून सुरू व्हावी.

तुमच्या दोन गीर गाई डोनर, म्हणजे बीज देणाऱ्या, म्हणून वापरायच्या का, हेही तुम्ही जाता जाता विचारलंय. गाईचं बीज सुईने काढायचं तंत्र म्हणजे ओपीयू, तेही सोनोग्राफीवरच उभं आहे. १९८४ च्या सुमारास अमेरिकेत पिअरसन आणि गिंथर यांनी गाईचा बीजांडकोश पडद्यावर कसा दिसतो हे मांडलं, त्याआधी ही पद्धत घोड्यांमध्ये रुळली होती. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये पीटर्से आणि सहकाऱ्यांनी योनीमार्गातून प्रोब आणि सुई एकत्र नेऊन जिवंत गाईचं बीज काढून दाखवलं. आज आपल्याकडे हेच चालतं. प्रोब योनीत, दुसरा हात गुदमार्गातून बीजांडकोश धरून प्रोबवर टेकवलेला, पडद्यावर काळे मणी, आणि सुई एकेका मण्यात शिरली की तो मणी फुग्यातली हवा गेल्यासारखा मिटतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला जादू वाटते. पुढे ते बीज प्रयोगशाळेत जवळजवळ एक दिवस पिकवायचं, मग वीर्याबरोबर ठेवायचं, आणि सातव्या दिवशी भ्रूण हातात.

गीर आणि एकूणच वशिंडवाल्या गाई यात एचएफपेक्षा सरस आहेत, कारण त्यांच्या बीजांडकोशावर लहान फॉलिकल पुष्कळ असतात. ब्राझीलने आपल्याच इथून नेलेल्या गीरवर एवढा डोलारा उभा केला त्याचं एक कारण हेही. पण गाय-गाईत फरक प्रचंड. एकीचा बीजांडकोश मधोमध कापलेल्या सीताफळासारखा काळ्या ठिपक्यांनी भरलेला, दुसरीच्यात मोजून पाच. आणि हा आकडा त्या त्या गाईचा जवळजवळ कायमचा असतो, या महिन्यात पाच असतील तर पुढच्या महिन्यातही पाचाच्या आसपास. म्हणून डोनर ठरवण्याआधी दोन-तीनदा सोनोग्राफी करून तीन मिलिमीटरहून मोठे ठिपके मोजून घ्या. दूध कितीही असो, ठिपके कमी असतील तर त्या गाईला रेतनावरच ठेवा. ही मोजणी दहा मिनिटांची आणि एका ओपीयू फेरीच्या खर्चापुढे नगण्य. इतक्या स्वस्तात इतकी मोठी चूक टाळता येते असं दुसरं काही मला तरी या कामात सापडलेलं नाही.

(आपल्या माळव्याची गाय माळवी, आगरला तिचा सरकारी फार्म आहे, आणि आपण सगळे गीरमागे. माळवी कामाची जात, दुधाची नव्हे, हे खरं. तरी दर वेळी लिहिताना मला जरा टोचतं.)

मशीन घेऊ नका. चौदा गाईंच्या गोठ्यात महिन्याला किती वेळा लागणार? पैशांपेक्षा मोठी अडचण हाताची आहे. ज्याला नुसत्या हाताने बीजांडकोश सापडत नाही त्याला प्रोब देऊनही सापडत नाही. मला भरवशाने "रिकामी" म्हणायला दोनशेच्या वर गाई लागल्या, "गाभण" म्हणायला त्याहून कमी. प्रोब एकदा फरशीवर पडला की आतले स्फटिक तुटतात आणि चित्रात कायमच्या काळ्या रेघा येतात, नवा प्रोब म्हणजे जवळजवळ नवं मशीन. शिवाय १९९४ चा लिंगनिदानविरोधी कायदा आहे. सोनोग्राफी मशीनची खरेदी-विक्री त्यामुळे काटेकोर पाहिली जाते, तेव्हा कुणी "जनावराचं मशीन आहे, कागद लागत नाही" म्हणाला तर पैसे देण्याआधी जिल्ह्यातल्या संबंधित अधिकाऱ्याला विचारा. त्यापेक्षा आसपासच्या चार-पाच गोठ्यांनी मिळून डॉक्टरचा महिन्यातला एक दिवस बांधून घ्यावा. आमच्याकडे देपालपूरच्या बाजूला असं चालतं. पहाटे सुरू करतो, दहाला कुणाच्या तरी ओट्यावर पोहे, आणि त्यात तीसेक जनावरं होतात.

आता तुमच्या हातात काय आहे ते. ज्या दोन गाभण आहेत त्यांची एक सोनोग्राफी आत्ताच, साठ ते पासष्ट दिवसांच्या दरम्यान करून घ्या. जिवंत आहे ना हे तर दिसेलच, या दिवसांत लिंगही दिसतं. एक छोटी पांढरी जोडरेघ असते, नर असेल तर ती सरकत नाळेजवळ आलेली, मादी असेल तर शेपटीखाली. पंचावन्नच्या आधी ती मध्येच कुठेतरी असते, सत्तरच्या पुढे गर्भ खाली उतरतो आणि प्रोब पोचत नाही. लिंग वेगळं केलेलं वीर्य वापरलं असेल तर दहात नऊ कालवडीच असणार, मग एवढी उत्सुकता आवरली तरी चालेल. गोठ्यात मोकळा वळू आहे का हे तुम्ही लिहिलं नाही. असेल तर डिसेंबरात तो बांधलेला होता का हे आठवून पाहा, कारण पोटातला गर्भ गीरचा की वळूचा हे पडद्यावर कळत नाही. मी एका गोठ्यात "गीर" कालवड काळीपांढरी जन्मलेली पाहिली आहे.

ज्या दोन गळल्या त्यांना लगेच विकायला काढू नका. आधी प्रोब लावून आत काही उरलंय का, सीएल तशीच बसलीय का ते पाहू द्या. मेलेला गर्भ आत असून सीएल टिकलेली असली तर गाय माजावरच येत नाही आणि तुम्ही तिला गाभण समजत राहता. तसं असेल तर मात्र इंजेक्शन बिनघोर. रक्त तपासून घ्यायचं तर गाभ पाडणाऱ्या ब्रुसेला आणि आयबीआर या दोन्ही रोगांसाठी, सहाही गाईंचं एकदमच. दोन माज स्वच्छ आले की त्या गाई पुन्हा रांगेत.

विण्याची तारीख वहीत रोपणापासून मांडली असेल तर खोडा. गीरचा गाभ साधारण दोनशे पंच्याऐंशी दिवसांचा, तो ५ डिसेंबरपासून मोजला की १६ सप्टेंबरच्या आसपास येतो. त्याच्या साठ दिवस आधी, म्हणजे जुलैच्या मध्यावर, दोघींचं दूध आटवायला घ्या.